अंतरांच्या तक्त्यापलीकडे : हायड्रोजन भरणा केंद्रांच्या मंजुरीविषयी खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य विस्फोटक नियंत्रक,
पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना (पेसो),
सेमिनरी हिल्स, नागपूर

महोदय,

देशात कोठेही वाहनांत हायड्रोजन भरण्याचे केंद्र उभे करायचे झाले, तर त्याचा आराखडा, त्यातील सिलिंडर व साठवण टाक्या आणि अखेरीस त्याचा परवाना या गोष्टी नागपुरातील आपल्या मुख्यालयाच्या किंवा त्याच्या अखत्यारीतील मंडल कार्यालयांच्या तपासणीतून जातात. अशा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या, तेथे नोकरी करणाऱ्या आणि तेथे इंधन भरलेल्या बसमध्ये बसणाऱ्या माणसाची सुरक्षा त्यामुळे सर्वप्रथम याच कार्यालयात, कागदावर ठरते, आणि हे पत्र त्या कागदाविषयी आहे. त्यातील मागणी अशी की, हायड्रोजन केंद्राला मंजुरी देताना शेजारच्या इमारतीपासूनचे अंतर पुरेसे आहे की नाही एवढ्याच प्रश्नावर निर्णय न ठेवता, गळती कोठून होऊ शकते, ती किती सेकंदांत कळेल आणि कळल्यावर काय काय आपोआप बंद होईल, या प्रश्नांची आकड्यांतली उत्तरे अर्जदाराकडून घ्यावीत, आणि ती उत्तरे ज्या गृहीतकांवर उभी आहेत ती गृहीतके लोकांसमोर ठेवावीत.

वाहनाचे इंधन ‘विस्फोटक’ कसे ठरते, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण या अधिकारक्षेत्राची माहिती नागपूरकरांनाही फारशी नसते. 1884 च्या विस्फोटक कायद्याच्या कलम 17 ने केंद्र सरकारला एखादा धोकादायक पदार्थ अधिसूचनेद्वारे विस्फोटक मानण्याचा अधिकार दिला, आणि दाबाखाली भरलेले वायू याच वाटेने त्या कायद्याच्या कक्षेत आले. आज सिलिंडरमध्ये भरलेल्या वायूंना गॅस सिलिंडर्स नियम, 2016 लागू होतात, तर मोठ्या स्थिर टाक्यांना आणि वाहनावरील टाक्यांना त्याच वर्षीचे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम लागू होतात. हायड्रोजन केंद्रात सिलिंडरही असतात आणि दाबपात्रेही असतात, त्यामुळे एकाच कुंपणाच्या आत दोन्ही नियमावल्यांचा अंमल चालतो. 1898 पासून काम करत आलेल्या या संघटनेकडे दाबाखालच्या वायूंचा जेवढा अनुभव साठलेला आहे, तेवढा देशातील अन्य कोणत्याही नियामक यंत्रणेकडे नाही, आणि या पत्रातील अपेक्षा त्या अनुभवाच्या भरवशावरच व्यक्त केल्या आहेत.

हायड्रोजन भारतीय उद्योगाला नवा नाही. वनस्पती तूप, खते आणि तेलशुद्धीकरण या उद्योगांत तो अनेक दशके वापरला जातो; पण तेथे तो प्रशिक्षित कामगारांच्या हाती, कारखान्याच्या कुंपणाच्या आत आणि सामान्य माणसापासून दूर असतो. आता तो रस्त्यालगत येतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने 8,562 कोटी रुपयांची तरतूद सांगणारे स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण स्वीकारले. आणि मार्च 2025 मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पाच प्रायोगिक प्रकल्पांत मिळून 37 बस व ट्रक आणि 9 भरणा केंद्रे मंजूर केली, ज्यांच्या मार्गांत पुणे–मुंबई हा मार्गही आहे. नागपूर त्या यादीत नाही. तरीही 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण लांबीने खुला झालेला असताना, आणि पर्यायी इंधनांचा सातत्याने पुरस्कार करणारे केंद्रीय मंत्री या शहराचे खासदार असताना, जड वाहनांसाठी हायड्रोजनचा पंप नागपूरच्या वेशीवर येण्यास फार काळ लागेल असे मानण्याचे कारण नाही. पहिला अर्ज टेबलावर येण्याआधी निकष तयार असावेत, यासाठी हे पत्र आताच लिहिले जात आहे.

नव्या इंधनाचे नियम करताना जवळच्या जुन्या इंधनाचे नियम हाताशी घेणे स्वाभाविक असते, आणि येथे ते जुने इंधन म्हणजे सीएनजी. सीएनजी केंद्रांची रचना, कॉम्प्रेसर, एकत्र जोडलेल्या सिलिंडरांचा संच म्हणजे कॅस्केड, डिस्पेन्सर आणि त्यांच्यातील किमान अंतरे या सर्वांचा अनुभव देशाला आहे, प्रवाशांना खाली उतरवूनच वाहनात गॅस भरण्याची शिस्तही लोकांच्या अंगवळणी पडली आहे, आणि त्या अनुभवातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनचे गुणधर्म गृहीत धरून आखलेली चौकट हायड्रोजनला तशीच लावता येत नाही. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच तो पेटतो, हायड्रोजन मात्र 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत पेटू शकतो. मिथेन पेटवण्यास लागणाऱ्या ठिणगीची किमान ऊर्जा सुमारे 0.28 मिलिज्यूल असते. हायड्रोजनला सुमारे 0.02 मिलिज्यूल पुरते, म्हणजे कोरड्या हवेत कपड्यांच्या घर्षणातून उठणारी, हाताला जेमतेम जाणवणारी ठिणगीही त्याला पुरेशी ठरू शकते. सीएनजी वाहनात साधारण 200 बार दाबाने भरला जातो, तर हायड्रोजन बसमध्ये 350 आणि मोटारीत 700 बारपर्यंत भरला जातो, आणि केंद्रातील साठ्याचा दाब त्याहून अधिक ठेवावा लागतो. शिवाय हायड्रोजनचा अणू इतका लहान असतो की तो काही पोलादांच्या आत शिरून त्यांना ठिसूळ करतो. आज उत्तम दिसणारा पाइप किंवा स्प्रिंग काही वर्षांनी बाहेरून कोणतीही खूण न दाखवता तडकू शकते.

या फरकाचा एक परिणाम विजेच्या साधनांवर होतो, आणि तो परवान्याच्या तपासणीत सहज निसटण्यासारखा आहे. ज्वलनशील वायूच्या परिसरात बसवायचे दिवे, मोटारी, स्विच आणि जंक्शन बॉक्स ज्वालारोधक असावे लागतात. अशा पेटीच्या आत ठिणगी पडून वायू पेटला, तरी पेटीच्या सांध्यांमधील फट इतकी अरुंद असते की ज्वाला तिच्यातून बाहेर येईपर्यंत थंड होऊन विझते. किती अरुंद फट लागेल हे वायूवर अवलंबून असल्याने आंतरराष्ट्रीय मानकांत वायूंचे गट पाडले आहेत, आणि मिथेन ‘दोन-ए’ या सर्वांत सौम्य गटात असताना हायड्रोजन ॲसिटिलीनसोबत ‘दोन-सी’ या सर्वांत कडक गटात आहे. सीएनजी केंद्रासाठी घेतलेला, योग्य प्रमाणपत्र असलेला, आपल्याच संघटनेने मान्य केलेला दिवा हायड्रोजनच्या डिस्पेन्सरवर लावला, तर तो दिसायला अगदी नियमानुसार असेल आणि प्रत्यक्षात त्याच्या सांध्यातून ज्वाला बाहेर येऊ शकेल. आज सीएनजी विकणाऱ्या पंपाच्या आवारातच हायड्रोजनचा डिस्पेन्सर उभारण्याचा प्रस्ताव येणे अगदी शक्य आहे, कारण जमीन, रस्ता आणि ग्राहक तेथे आधीच आहेत. अशा वेळी संपूर्ण आवारातील विद्युत साधनांची यादी वायूगटासह नव्याने सादर करण्याची अट असावी.

आता अंतराविषयी. सुरक्षा अंतर अनावश्यक आहे असे या पत्राचे म्हणणे मुळीच नाही. खुल्या जागेत हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे 14 पट हलका असल्याने झपाट्याने वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचून राहत नाही, आणि म्हणून मोकळे अंतर त्याच्या बाबतीत खरोखरच उपयोगी पडते. आक्षेप आहे तो ज्याचे कारण कोणालाच ठाऊक नाही अशा अंतराला. अमेरिकेत हायड्रोजनच्या संहितेतील अंतरे पूर्वी बहुतांशी रूढीने चालत आलेली होती. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासानंतर ती नव्याने काढताना असे गृहीत धरले गेले की गळतीचे छिद्र पाइपच्या आतील छेदाच्या क्षेत्रफळाच्या 3 टक्के असेल, आणि त्या छिद्रातून निघणारा झोत हवेत मिसळून पेटण्याच्या मर्यादेखाली केव्हा येतो यावरून मीटर ठरवले गेले. पुढे गळतीच्या नोंदी तपासून हे प्रमाण 1 टक्क्यावर आणले गेले आणि त्यानुसार अंतरे कमी झाली. हा बदल योग्य होता की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात, पण मतभेद होऊ शकतात याचे कारणच असे की गृहीतक छापलेले होते. अर्जदाराला त्यामुळे हेही कळते की पाइपचा व्यास कमी केला किंवा दाब उतरवला तर अंतर घटते, आणि तो आराखडा सुरक्षित करण्याकडे आपणहून वळतो. तक्त्यात नुसतेच ‘इतके मीटर’ लिहिलेले असले, तर तो केवळ मोठा भूखंड शोधतो.

भारतातील तक्ता कोणत्या गृहीतकावर उभा राहावा, हे ठरवताना 2019 साली तीन आठवड्यांच्या आत घडलेल्या तीन दुर्घटना समोर ठेवणे उपयोगाचे ठरेल. 23 मे रोजी दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे पाण्याचे विद्युत विघटन करून हायड्रोजन बनवणाऱ्या प्रायोगिक प्रकल्पाच्या साठवण टाक्या फुटल्या आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली. त्या टाक्यांतील दाब भरणा केंद्रातील साठ्याच्या मानाने कमी होता; दोष असा होता की विद्युत विघटक कमी भारावर चालत असताना त्यात तयार होणारा ऑक्सिजन हायड्रोजनच्या बाजूला शिरत गेला आणि टाकीच्या आतच पेटण्याजोगे मिश्रण तयार झाले. 1 जून रोजी कॅलिफोर्नियातील सँटा क्लारा येथे टँकर भरण्याच्या ठिकाणी गळती होऊन स्फोट झाला, आणि पुढे त्या भागातील भरणा केंद्रांचा पुरवठा विस्कळीत झाला. तिसरी दुर्घटना 10 जून रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ सान्द्विका येथे, महामार्गालगतच्या आणि ग्राहकांसाठी खुल्या असलेल्या भरणा केंद्रात घडली, आणि परवाना देणाऱ्याला शिकवण्यासारखे तिच्यात सर्वाधिक आहे.

सान्द्विकाच्या केंद्रात उच्च दाबाच्या साठवण टाकीच्या तोंडाशी एक प्लग होता, आणि तो आतील व बाहेरील अशा दोन वर्तुळांत बसवलेल्या बोल्टांनी आवळलेला होता. तपासात आढळले की जुळणीच्या वेळी आतील बोल्ट पुरेसे आवळले गेले नव्हते. सुरुवातीला गळती इतकी बारीक होती की कोणाच्या लक्षात यावी असे काही नव्हते. मग त्या बारीक झोताने सील झिजले, दाबाने प्लग किंचित उचलला गेला, सील निकामी झाले आणि हायड्रोजनचा ढग केंद्राबाहेर पडून पेटला. ठिणगी कोठून आली हे निश्चित कळले नाही. स्फोटाच्या धक्क्याने जवळून जाणाऱ्या मोटारींच्या एअरबॅग उघडल्या आणि दोघे किरकोळ जखमी झाले. केंद्रात त्या वेळी ग्राहक नसणे हा केवळ योग होता. या स्फोटाचे मूळ अंतर, कुंपण किंवा डिस्पेन्सर यांत नव्हते. दोष एका पान्यात होता, किती जोराने पिळायचे हे ज्याने मोजायचे असते त्या पान्यात, आणि पिळल्याची नोंद दुसऱ्या माणसाने तपासून सही करायची असते त्या कागदात.

म्हणून मंजुरीच्या अटींत जुळणीच्या नोंदींना आराखड्याइतकेच महत्त्व मिळावे, अशी विनंती आहे. उच्च दाबाच्या प्रत्येक सांध्याला क्रमांक असावा, तो कोणी, कोणत्या तारखेला, किती टॉर्कने म्हणजे किती पीळ देऊन आवळला आणि कोणी तपासला याची नोंद अर्जाच्या कागदपत्रांत असावी, हीलियमने किंवा अन्य योग्य वायूने गळती-चाचणी झाल्याचा अहवाल जोडलेला असावा, आणि केंद्र चालू झाल्यावर ठरावीक काळाने ही तपासणी पुन्हा होत असल्याचे निरीक्षकाला जागेवर पाहता यावे. ज्या केंद्रात हायड्रोजन तेथेच तयार होणार आहे, त्याच्यासाठी गांगनुंगचा धडा अटीच्या रूपात यावा: विघटकातून बाहेर पडणाऱ्या हायड्रोजनमधील ऑक्सिजनचे प्रमाण सतत मोजणारे उपकरण असल्याशिवाय, आणि ते मर्यादेबाहेर जाताच साठवण टाकीकडे जाणारा मार्ग माणसाची वाट न पाहता बंद होत असल्याशिवाय, मंजुरी मिळू नये. सौर विजेवर चालणारे विघटक ढग आले, संध्याकाळ झाली की वारंवार कमी भारावर जातात, आणि हरित हायड्रोजनची आपल्याकडील कल्पना बहुतांशी सौर विजेवर उभी असल्याने ही अट भारतात कोरियापेक्षाही अधिक गरजेची आहे.

नागपूरच्या उन्हाचा विचार मात्र कोणत्याही परदेशी मानकातून तयार मिळणार नाही. तो येथेच करावा लागेल. दाबाखालचा हायड्रोजन वाहनाच्या टाकीत भरला जाताना टाकीतील वायू दाबला जातो आणि तापतो. इतर बहुतेक वायू प्रसरण पावताना थंड होतात, हायड्रोजन मात्र नेहमीच्या तापमानाला प्रसरण पावतानाही किंचित गरमच होतो. टाकीच्या आतील तापमान 85 अंश सेल्सिअसपुढे जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, कारण त्यापुढे कार्बन तंतूंच्या टाकीतील रेझिन आणि प्लॅस्टिकचे अस्तर यांची हमी राहत नाही. म्हणून 700 बारच्या केंद्रात वायू आधी उणे 40 अंशांच्या आसपास थंड करून मग टाकीत सोडला जातो, आणि किती वेगाने भरायचे हे बाहेरच्या तापमानानुसार तक्त्यातून ठरते. मोटारींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एसएई जे 2601 या पद्धतीत बाहेरच्या तापमानाची वरची मर्यादा 50 अंश धरली आहे. ऑस्लोजवळ जूनमध्ये 20 अंश तापमानात उभ्या असलेल्या टाकीला 85 पर्यंत 65 अंशांची मुभा असते. नागपुरात मे महिन्यात 47 अंशांच्या दुपारी, वर्धा मार्गाच्या तापलेल्या डांबरावरून दोन तास चालून आलेल्या बसच्या टाकीला ती त्या मुभेच्या निम्म्याहून थोडीच अधिक उरते.

येथे आणखी एक बारकावा आहे. 47 अंश हे हवामान खात्याच्या सावलीतल्या, हवा खेळती ठेवणाऱ्या पेटीतले तापमान असते. डिस्पेन्सरच्या पत्र्यालगत, काँक्रीटवर, छताखाली कोंडलेल्या हवेचे तापमान त्याहून अधिक असू शकते आणि 50 ची रेषा ओलांडू शकते. मग केंद्राचा तापमापक कोठे लावला आहे, यावर भरणा चालू राहील की थांबेल हे ठरेल. तो सोयीच्या थंड कोपऱ्यात लावला तर यंत्र भरणा चालूच ठेवील आणि टाकी मर्यादेबाहेर तापेल. शीतकरण यंत्राची क्षमताही बाहेर उकाडा वाढला की घटते, म्हणजे ज्या दुपारी तिची सर्वाधिक गरज असते त्याच दुपारी ती अपुरी पडण्याचा संभव असतो. बसगाड्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे, कारण जड वाहनांसाठीच्या त्याच मालिकेतील जे 2601-2 या मार्गदर्शक पद्धतीने मोटारींसारखा तयार तक्ता न देता सुरक्षित मर्यादेत राहण्याची जबाबदारी बरीचशी केंद्र उभारणाऱ्यावर सोडली आहे, आणि आपल्याकडे आधी येणार आहेत त्या बस आणि ट्रकच. विदर्भ, मराठवाडा, राजस्थान, तेलंगणा अशा भागांतील केंद्रांसाठी शीतकरणाची क्षमता स्थानिक कमाल तापमानाला सिद्ध करून दाखवण्याची, तापमापकाची जागा आराखड्यात दाखवण्याची आणि उन्हाळ्यात प्रत्यक्ष भरणा-चाचणी घेतल्याशिवाय कायम परवाना न देण्याची अट म्हणून आवश्यक ठरते. पावसाळ्याचाही वेगळा त्रास आहे: उणे 40 अंशांचा वायू ज्या नोझलमधून जातो त्याच्यावर दमट हवेतील पाणी गोठते, नोझल वाहनाच्या तोंडाला चिकटून बसतो, आणि रांगेत उभ्या गाड्यांचे हॉर्न ऐकत असलेला कर्मचारी तो हिसका देऊन ओढण्याची शक्यता असते. कोरडी हवा फुंकून नोझल मोकळा ठेवण्याची व्यवस्था आणि ओढाताण न करण्याचे प्रशिक्षण, दोन्ही लागतील.

पंपावरच्या छताविषयीही बोलले पाहिजे, कारण नागपुरात छताशिवाय पंपाची कल्पनाच करवत नाही. उन्हातान्हात उभे राहून काम करणाऱ्यांना ते हवेच. पण पेट्रोल पंपाचे सपाट, खालून पत्रे मारलेले आणि दिव्यांचे खळगे असलेले छत वर जाणाऱ्या हायड्रोजनला अडवते, आणि खळग्यात साचलेला वायू 4 टक्क्यांची मर्यादा लवकर गाठतो. छत उतरते असावे, त्याच्या सर्वांत उंच कडेला वायू बाहेर पडण्यास वाट असावी, त्यात कप्पे नसावेत, आणि गळती ओळखणारे संवेदक जमिनीलगत न लावता छताच्या त्या उंच कडेला लावावेत. हायड्रोजनला वास नसतो. घरगुती गॅसमध्ये घालतात तसे वासाचे रसायन त्यात घालता येत नाही, कारण ते वाहनात हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधन-घटाच्या उत्प्रेरकाला निकामी करते. त्याची ज्वालाही दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी तर मुळीच दिसणार नाही. म्हणजे कर्मचाऱ्याचे नाक आणि डोळे, ज्यांच्या भरवशावर आपले सारे पंप चालतात, ते येथे उपयोगी नाहीत. अतिनील आणि अवरक्त किरण ओळखणारे ज्वाला-संवेदक आणि वायू-संवेदक यांची संख्या, जागा, प्रतिसादाचा वेळ आणि दर किती महिन्यांनी त्यांची पडताळणी होणार हे सर्व मंजुरीच्या कागदात असावे. गळती कळल्यापासून साठ्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईपर्यंत किती सेकंद गेले, हे निरीक्षकाने परवान्याआधी केंद्रावर उभे राहून मोजावे.

नागपूर या बाबतीत असामान्य भाग्याचे शहर आहे. आपले मुख्यालय येथे आहे, आणि देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही येथेच, 1957 पासून आहे. हायड्रोजनची आग विझवण्याची रीत नेहमीच्या आगीपेक्षा वेगळी आहे: पुरवठा तोडता येत नसेल तर ज्वाला विझवायची नसते, कारण विझवलेली गळती पुन्हा ढग तयार करून स्फोटासह पेटू शकते; ज्वाला जळू द्यायची आणि शेजारच्या टाक्यांवर पाण्याचा मारा करून त्या थंड ठेवायच्या, ही रीत प्रत्यक्ष सरावाशिवाय हाताला बसत नाही. ज्या शहरातील अग्निशमन दलाच्या किमान एका तुकडीने असे प्रशिक्षण घेतलेले नाही, औष्णिक कॅमेऱ्यासारखे न दिसणारी ज्वाला दाखवणारे साधन ज्याच्याकडे नाही, आणि केंद्राचा आपत्कालीन आराखडा ज्याने जागेवर येऊन पाहिलेला नाही, त्या शहरात केंद्राला परवाना मिळू नये. ही अट अर्जदाराच्या हातातील नाही असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण केंद्राचा धोका पत्करणारे लोकही त्या अर्जदाराच्या हातात नसतात, आणि महापालिकेला व अर्जदाराला एका टेबलाशी बसवण्याची ताकद परवाना देणाऱ्याकडेच असते.

उद्योगाकडून दुसरा आक्षेप असा येईल की इतक्या अटींनी केंद्रे उभीच राहणार नाहीत. प्रत्यक्षात अनिश्चिततेनेच प्रकल्प अधिक रखडतात. कोणती चाचणी, कोणत्या आकड्याला, कोणत्या टप्प्यावर द्यायची हे आधी छापलेले असेल, तर चांगला अर्जदार पहिल्याच दिवशी त्या तयारीने येतो. सान्द्विकाच्या स्फोटानंतर केंद्राची यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला इतर देशांतील केंद्रेही काही काळ थांबवावी लागली आणि दोन मोटार कंपन्यांनी नॉर्वेत हायड्रोजन मोटारींची विक्री स्थगित केली, हे नुकसानही अटींच्या खर्चाच्या हिशेबात धरलेच पाहिजे.

राहिला प्रश्न उघडपणाचा. नागपूर जिल्ह्याला विस्फोटकांच्या दुर्घटनांचे दुःख ठाऊक आहे. डिसेंबर 2023 मध्ये बाजारगाव येथे आणि जून 2024 मध्ये धामणा येथे कारखान्यांतील स्फोटांत कामगार मृत्युमुखी पडले, आणि त्यांत गावागावांतील तरुण मुली होत्या. विस्फोटक कायद्याची कलमे 9 आणि 9अ अपघातांच्या चौकशीची तरतूद करतात. अशा चौकशीतून निघालेली तांत्रिक कारणे, व्यक्तींची नावे वगळून का होईना, लोकांना वाचता येतील अशा रीतीने प्रसिद्ध व्हावीत, आणि हायड्रोजन केंद्रांच्या बाबतीत अपघातच नव्हे तर नोंदवलेली प्रत्येक गळतीही एका सार्वजनिक नोंदवहीत यावी. सान्द्विकाची कहाणी येथे सांगता आली, ती तेथील तपासाचे निष्कर्ष काही आठवड्यांत जाहीर झाले म्हणूनच. परवाना दिलेल्या प्रत्येक केंद्राच्या जोखीम-अभ्यासाचा गोषवारा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि संबंधित महापालिकेत मराठीतून, शेजारच्या रहिवाशाला समजेल अशा भाषेत उपलब्ध असावा. व्यापारी गुपिते त्यातून वगळता येतात, गळतीचे गृहीतक आणि व्हॉल्व्ह बंद होण्याचे सेकंद हे काही गुपित नव्हे.

अमरावती मार्गावर गोंडखैरी येथे आपल्या संघटनेचे स्वतःचे चाचणी केंद्र आहे, जेथे विस्फोटकांची परीक्षा घेतली जाते. त्याच आवारात, एखाद्या मे महिन्यात, बसच्या एका टाकीला 350 बारपर्यंत भरून तिच्या आतील तापमान, बाहेरच्या तापमापकाचे वेगवेगळ्या जागी येणारे आकडे आणि शीतकरण यंत्राची घटती क्षमता यांची मोजणी आपल्या कार्यालयाने हाती घ्यावी, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांना तीत सहभागी करून घ्यावे, आणि विदर्भातील पहिल्या हायड्रोजन केंद्राच्या अर्जावर निर्णय होण्याआधी ते आकडे प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

कळावे.